भाल्याच्या पात्याचे वय



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांच्यापुढे कोणी जुनी वस्तू आणून ठेवली की ते तिला हात लावण्याआधी विचारत, "कुठे सापडली?" वस्तू काय आहे, किती जुनी आहे, हे प्रश्न त्यांच्या लेखी त्यानंतरचे. पुरातत्त्वाचे निम्मे शास्त्र त्या एका प्रश्नात आहे, असे मी मानतो. आज मी त्यासाठी युरोपातले एक उदाहरण घेतले आहे: केल्टिक लोकांचे लोखंडी भाले. हे भाले ओळखायचे कसे, आणि त्यांचा काळ ठरवायचा कसा?

इतका दूरचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल, तर आधी जवळची गोष्ट सांगतो. नळदुर्ग-तुळजापूर भागातल्या माणसाला मेडोज टेलर हे नाव परके नाही. निजामाच्या चाकरीतला हा इंग्रज अधिकारी १८५०च्या दशकात नळदुर्गचा कारभार पाहत होता. त्याची 'तारा' ही कादंबरी याच मुलखात घडते. नळदुर्गला येण्याआधी तो शोरापूर संस्थानात होता. तिथे भीमेकाठी, जेवरगीच्या परिसरात त्याने दगडांची वर्तुळे आणि त्यांच्या पोटातली दफने खणून पाहिली. आत मडकी निघाली, माणसांची हाडे निघाली, आणि लोखंडी भाल्यांची पाती निघाली. त्या काळाच्या मानाने त्याने नोंदी फार काळजीपूर्वक केल्या. पुढे १८६०च्या दशकात डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीच्या नियतकालिकात त्याने यावर दीर्घ निबंध छापला. दख्खनमधल्या या स्मारकांना त्याने निबंधाच्या मथळ्यातच 'केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन' म्हटले.

म्हणजे आपल्या शेजारच्या मातीतून निघालेला लोखंडी भाला दीडशे वर्षांपूर्वी छापील मजकुरात केल्टिक ठरला होता. टेलर अभ्यासू होता, प्रामाणिक होता. आयर्लंड-ब्रिटनमध्ये दगडांची वर्तुळे आहेत, इथेही आहेत, तेव्हा लोक एकच असावेत, असे त्याने मानले. आज आपल्याला माहीत आहे की स्टोनहेंजचे मोठे दगड इ.स.पू. २५००च्या सुमारास उभे राहिले. ज्यांना ग्रीक लेखक 'केल्टोई' म्हणतात त्या लोकांचा पहिला उल्लेख त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी येतो. वर्तुळे तिथेही केल्टांची नव्हती. सारखे दिसते म्हणून सारखेच असणार, या एका पायरीवर सगळी इमारत उभी राहिली होती. भाल्याच्या पात्याबाबत ही पायरी आजही तितकीच निसरडी आहे.

आता पाते हातात घेऊ.

भाल्याचे डोके म्हणजे दोन भाग. पुढे पाते, मागे खोबण. खोबणीत लाकडी दांडा बसतो, आणि तो निसटू नये म्हणून आरपार खिळा ठोकतात. पात्याच्या मधोमध बहुधा एक उंच शीर असते. ती पात्याला ताठ ठेवते. दांड्याच्या खालच्या टोकाला कधी लोखंडाची किंवा ब्राँझची शेंबी असते. लोहार हे घडवतो ते असे: लोखंडाच्या कांबीचे एक टोक ठोकून पंख्यासारखे पसरट करायचे, ते तापवून गोल सळईभोवती गुंडाळायचे आणि कडा एकमेकींवर आणून जोडायच्या. झाली खोबण. दुसरे टोक ठोकून पाते काढायचे. नीट पाहिले तर खोबणीवर तो सांधा अडीच हजार वर्षांनंतरही दिसतो. ब्राँझच्या भाल्याला असा सांधा नसतो. तो साच्यात ओतलेला असतो आणि त्याची खोबण आत गाभा ठेवून पोकळ केलेली असते. त्यामुळे पहिली विभागणी सोपी आहे. ब्राँझचा ओतीव भाला बहुतेक वेळा लोखंडाच्या आधीच्या काळातला, म्हणजे मध्य आणि पश्चिम युरोपात ढोबळमानाने इ.स.पू. ८००च्या पूर्वीचा. त्याला 'केल्टिक' म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. पण तो बनवणारे स्वतःला काय म्हणवत, कोणती भाषा बोलत, हे सांगणारा कोणताही लेख त्या काळातून आलेला नाही.

खरी अडचण लोखंडी भाल्यापासून सुरू होते. शंभर वर्षांपूर्वीचा कोयता आणि गेल्या हंगामात गावच्या लोहाराने केलेला कोयता शेजारी ठेवले, तर आकारावरून कोणता आधीचा हे सांगणे अवघड. काम तेच, धातू तोच, तर आकार बदलायचे कारण काय? भाल्याचेही तसेच आहे. झाडाच्या पानासारखे पाते, मधली शीर, मागे खोबण, हा आकार इ.स.पू. पाचव्या शतकातल्या गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या केल्टिक, योद्ध्याच्या थडग्यात सापडतो, रोमन छावणीत सापडतो आणि हजार वर्षांनंतरच्या अँग्लो-सॅक्सन दफनातही सापडतो. खोबण लांबीत चिरलेली, सांधा उघडा असलेली असेल तर अभ्यासकाला आधी अँग्लो-सॅक्सन शंका येते, कारण इ.स. पाचव्या ते सातव्या शतकांतल्या इंग्लंडमधल्या भाल्यांत ही पद्धत सर्रास दिसते. पण हा पुरावा नव्हे. ती शंकाच राहते.

काही आकार मात्र खरोखर बोलके आहेत. इ.स.पू. पहिल्या शतकात ग्रीक इतिहासकार डायोडोरस सिक्युलस गॉल लोकांच्या शस्त्रांचे वर्णन करतो. त्यांच्या भाल्यांची पाती हातभर किंवा त्याहून लांब असतात, असे तो सांगतो. काही पाती सरळ, तर काहींच्या कडा नागमोडी असतात, म्हणजे घाव नुसता कापत नाही, बाहेर काढतानाही मांस फाडतो. वाचताना वाटते, परक्या लोकांबद्दलची ही सांगोवांगीची भीती असेल. पण स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल सरोवरातून नागमोडी कडांची, मधे कोरून काढलेली पाती प्रत्यक्ष निघाली. डायोडोरसने ऐकीव लिहिले असो वा पाहिलेले, या बाबतीत तो खरा ठरला.

त्या सरोवराकडे आता वळायला हवे, कारण सगळी कालगणना तिथून सुरू होते. नोव्हेंबर १८५७. पाणी नेहमीपेक्षा बरेच खाली गेले होते. बील शहरचे कर्नल फ्रीड्रिख श्वाब यांच्यासाठी जुन्या वस्तू गोळा करणारा हान्सली कॉप नावाचा मच्छीमार ला तेन नावाच्या उथळ जागी गेला आणि थोड्या वेळात चाळीसएक लोखंडी शस्त्रे घेऊन परतला. पुढे सरोवराची पातळी कायमची उतरवण्यात आली, जागा कोरडी पडली आणि १८८०च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे उत्खनने झाली. अडीच हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या: तलवारी, म्याने, ढाली, पिना, आणि शेकडो भाले. १८७०च्या दशकात स्वीडनचे हान्स हिल्डेब्रांड यांनी युरोपच्या लोहयुगाचे दोन भाग केले. ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीजवळच्या दफनभूमीवरून आधीच्या भागाला हालश्टाट आणि या सरोवराकाठच्या जागेवरून नंतरच्या भागाला ला तेन हे नाव दिले. नंतरचा भाग इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यापासून रोमन सत्ता येईपर्यंतचा.

या जागेला एवढे मोठे नाव मिळाले तरी तिथल्या सुरुवातीच्या वस्तूंची अवस्था वाईट झाली, हे सांगितले पाहिजे. पहिली काही दशके ज्याला जे सापडेल ते त्याने उचलले. वस्तू वेगवेगळ्या संग्रहालयांत, खासगी कपाटांत विखुरल्या. कोणता भाला कोणत्या ढालीच्या शेजारी होता, वाळूच्या कोणत्या थरात होता, हे बहुतेकांच्या बाबतीत कायमचे हरवले. ज्या जागेने युरोपला एका युगाचे नाव दिले, तिथल्याच पुष्कळ भाल्यांना स्वतःचा अचूक काळ नाही.

मग काळ ठरतो कशावर? कपड्याच्या पिनेवर. अंगावरचे वस्त्र खांद्याशी अडकवायची धातूची पिन, फिब्युला. १८८५मध्ये जर्मन अभ्यासक ओटो टिश्लर यांनी ला तेन काळाचे आद्य, मध्य आणि अंत्य असे तीन टप्पे पाडले. त्यांचा मुख्य आधार होता फिब्युला आणि तलवारीची म्याने. पिनेचा पाय मागे वळून मोकळा सुटलेला असेल तर ती आद्य. वळलेला पाय कमानीला कडीने जखडला असेल तर मध्य. पाय आणि कमान एकाच तुकड्यातून केली असतील तर अंत्य. ही रचना तपशिलात सुधारली गेली, पण मूळ चौकट आजही उभी आहे. पिन दागिना आहे, मिरवायची वस्तू आहे. म्हणून ती आवडीनुसार पिढीगणिक बदलते. भाला कामाचा आहे, म्हणून तो फारसा बदलत नाही. थडग्यात भाला पिनेशेजारी आणि म्यानाशेजारी पडलेला असेल, तर पिनेचा काळ तोच भाल्याचा काळ.

पण पिन आधीची की नंतरची एवढेच यातून कळते. तिला वर्षाचा आकडा कोण देतो? तो भूमध्य समुद्राकडून येतो. फ्रान्सच्या शाम्पान्य प्रदेशात सोम-बियोन इथे १८७३मध्ये लेओं मोरेल यांना एका योद्ध्याची रथासह पुरलेली कबर सापडली. त्या कबरीत इटलीतल्या एट्रुस्कन कारागिरांची ब्राँझची सुरई होती आणि अथेन्समध्ये घडवलेला, काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रे काढलेला एक पेला होता. अथेन्सच्या कुंभारांच्या शैलीचा अभ्यास इतका बारकाईने झाला आहे की हा पेला इ.स.पू. ४२०च्या सुमाराचा, असे सांगता येते. म्हणजे कबर त्या वर्षांच्या आसपासची किंवा थोडी नंतरची. कबरीत जे काही होते, घोड्याच्या लगामाचे तुकडे, म्यान, पट्ट्याचे कडे, सगळ्याला तो एक आकडा मिळाला. पुढे दुसऱ्या कबरीत असेच म्यान आणि त्याच्याशेजारी भाला सापडला की आकडा भाल्यापर्यंत पोहोचतो. अथेन्सच्या कुंभारापासून शाम्पान्यच्या लोहारापर्यंत पोहोचणारी ही साखळी आहे. तिची एकही कडी भाल्यात नाही. सगळ्या कड्या भाल्याभोवतीच्या मातीत आहेत.

इथे एक गुंतागुंत आहे, आणि मला ती या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तर फ्रान्समध्ये गूर्ने-स्यूर-आरोंद हे केल्टिक देवस्थान आहे. जाँ-लुई ब्रुनो यांच्या उत्खननात तिथल्या खंदकांतून दोन हजारांहून अधिक लोखंडी शस्त्रे निघाली. तलवारी मुद्दाम वाकवलेल्या, ढालींच्या लोखंडी पट्ट्या कापलेल्या, भाल्यांची पाती दुमडलेली. आंद्रे रापँ यांनी एकेका तुकड्याचा अभ्यास करून जो निष्कर्ष काढला तो असा, की युद्धात जिंकलेली ही शस्त्रे आधी प्रवेशद्वाराशी टांगून ठेवली जात. बांधायच्या दोऱ्या-चामडी कुजली, लाकूड सडले की ती खाली पडत, आणि मग मोडून-वाकवून खंदकात टाकली जात. आता विचार करा. या भाल्याचा काळ कोणता? लोहाराने तो घडवला ते वर्ष? तो शेवटचा चालला ते युद्ध? की टांगल्यावर कित्येक वर्षांनी तो खंदकात पडला तो दिवस? उत्खनन करणाऱ्याला फक्त तिसरी तारीख मिळते. पहिली आणि तिसरी यांत एका माणसाच्या आयुष्याएवढे अंतर सहज असू शकते. संग्रहालयातल्या पाटीवर 'इ.स.पू. तिसरे शतक' असे लिहिलेले वाचताना हे डोक्यात ठेवावे.

तिन्ही तारखा जवळजवळ एकत्र येतात असेही एक ठिकाण आहे. अलेसिया. इ.स.पू. ५२मध्ये ज्युलियस सीझरने गॉलांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स याला इथे वेढले आणि गॉलचे स्वातंत्र्य संपले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने १८६१ ते १८६५ या काळात, अलेसियाची जागा मानल्या गेलेल्या अलीज-सँत-रेन इथे खंदक खणून वेढ्याच्या रेषा शोधल्या गेल्या. नंतर १९९१ ते १९९७ या काळात मिशेल रेद्दे आणि सिगमार फॉन श्नुरबाइन यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच आणि जर्मन पथकाने त्याच रेषा आधुनिक पद्धतीने तपासल्या. सीझरचा सेनापती टायटस लाबिएनस याच्या नावाचा ठसा असलेल्या शिशाच्या गोफणगोळ्या मिळाल्यावर जागेबद्दलची शंका आणखी कमी झाली. त्या खंदकांत युद्धाच्या वेळी पडलेल्या भाल्याला एका वर्षाची तारीख आहे. पण काळ मिळाला तरी मालक मिळत नाही, हेही अलेसियाच शिकवते. त्याच मातीत गॉलांचे भाले आहेत, रोमन सैनिकांचे आहेत, आणि सीझरच्या बाजूने लढलेल्या जर्मन घोडेस्वारांचेही असणार. पिलम हा रोमन फेकभाला त्याच्या लांब, सडपातळ लोखंडी दांडीमुळे लगेच ओळखू येतो. साध्या पानासारख्या पात्यावर मात्र कोणाचेही नाव नाही. मारणारा आणि मरणारा यांचे भाले एकाच खंदकात, एकाच आकाराचे. अभ्यासक इथे 'गॉल प्रकारचा' असे लिहितात, 'गॉलाचा' असे लिहीत नाहीत. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममध्ये एक पाते जरूर पाहा. थेम्स नदीतून मिळालेले, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे, लोखंडाचे. गंजाने कडा खाल्लेल्या, पण अंग शाबूत. पात्याच्या दोन्ही अंगांवर ब्राँझचे पातळ तुकडे बारीक खिळ्यांनी बसवले आहेत. त्यांवर बारीक रेषांनी भरलेली वळणदार नक्षी आहे. वळसे एकमेकांतून उमलत जातात, आणि डावी-उजवी बाजू मुद्दाम सारखी ठेवलेली नाही. डोळा समतोल शोधत राहतो आणि तो सापडत नाही. कारागिराला नेमके तेच हवे होते, असे पाहताना वाटते. या पात्याचा काळ इ.स.पू. २०० ते ५० असा दिला जातो. तो लोखंडावरून ठरलेला नाही. याच धाटणीची नक्षी ब्रिटनमधल्या म्यानांवर, ढालींवर दिसते आणि त्यांच्यावरून ब्राँझच्या या तुकड्यांना काळ मिळतो. तुकडे झडून गेले असते तर हेच पाते 'लोखंडी भाला, काळ अनिश्चित' म्हणून एखाद्या खणात पडले असते. आणि दीडशे वर्षांचा तो पट्टाही लक्षात घ्या. म्युझियमने एकच नेमके वर्ष लिहिलेले नाही, कारण तसे लिहिता येत नाही. प्रामाणिक कालनिश्चिती ही बहुधा अशी रुंद असते.

पाण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. केल्टांनी नद्या, तळी, दलदली यांत शस्त्रे मुद्दाम अर्पण केली, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. १९४२मध्ये वेल्समधल्या अँगल्सी बेटावर विमानतळासाठी दलदलीतली माती काढताना ल्लिन केरिग बाख इथे असा मोठा साठा मिळाला. त्यातली कैद्यांना गळ्याशी बांधायची लोखंडी साखळी कामगारांनी आधी चिखलात रुतलेली मालमोटार ओढायला वापरली, आणि ती तुटली नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात लोखंड इतके टिकते. कोरड्या, हवा खेळणाऱ्या जमिनीत तेच लोखंड गंजाचा गोळा होते.

आणि कधी भाल्याची जागाच सगळे सांगते. यॉर्कशरच्या गार्टन स्टेशन इथे १९८०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमचे इयन स्टेड यांनी एका पुरुषाची लोहयुगातली कबर उघडली. तिच्यात डझनाहून अधिक भाल्यांची पाती होती. काही शेजारी ठेवलेली, काही तिरपी, मातीत घुसलेली. कबर बुजवताना जमलेल्या लोकांनी मृताच्या दिशेने भाले फेकले होते. कोणत्या कोनात कोणते पाते होते हे नोंदवल्यामुळेच तो विधी आपल्याला कळला. एखाद्याने मेटल डिटेक्टरने ती पाती एकेक करून उपसली असती, तर बाजारात डझनभर भाले आले असते आणि विधी नाहीसा झाला असता.

दांड्याच्या शेंबीचीही अशीच कथा आहे. आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यातल्या लिस्नाक्रोघर दलदलीतून आणि इतरत्रही दरवाजाच्या मुठीसारख्या गोल ब्राँझच्या शेंब्या मिळाल्या. इ.स. तिसऱ्या शतकातला रोमन इतिहासकार कॅसियस डिओ उत्तर ब्रिटनच्या लोकांबद्दल लिहितो, की त्यांच्या आखूड भाल्याच्या टोकाला ब्राँझचे सफरचंद असते आणि ते हलवून आवाज करून ते शत्रूला घाबरवतात. ज्या शेंब्या पूर्वी निःशंकपणे ख्रिस्तपूर्व मानल्या जात, त्या काही जागी त्यानंतरही वापरात होत्या, असे त्यामुळे मानावे लागते. भाल्याचे पाते मूक आहे. त्याच्या खालच्या टोकाची शेंबी अधिक बोलते.

आता प्रयोगशाळेकडे. श्रोत्यांना वाटते की कार्बन-१४ आहे ना, मग वाद कशाला? उपयोग आहेच, पण त्याला मर्यादा आहे. खोबणीत कधी कधी दांड्याचे लाकूड शिल्लक राहते, बहुधा ॲश झाडाचे. दांडा अनेकदा कोवळ्या, सरळ फांदीचा असतो. त्यात वार्षिक वलये थोडी, म्हणून वलये मोजून वर्ष काढण्याची पद्धत इथे सहसा चालत नाही. कार्बनसाठी मात्र हेच लाकूड उत्तम, कारण ते तोडल्यावर लगेच वापरले गेले असणार. अडचण दुसरीकडे आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांत वातावरणातल्या कार्बन-१४चे प्रमाण असे बदलत गेले की मोजमापाचा आलेख जवळजवळ सपाट होतो. त्याला हालश्टाट पठार म्हणतात. इ.स.पू. ७५०चे लाकूड आणि इ.स.पू. ४५०चे लाकूड यंत्राला सारखेच दिसू शकते. केल्टांच्या सुरुवातीच्या काळात, जिथे तारखेची सर्वांत जास्त गरज आहे, तिथेच यंत्र हात टेकते. तिथे पुन्हा अथेन्सचा पेलाच कामाला येतो.

खुद्द लोखंडातूनही कार्बनची तारीख काढता येते. कोळशाच्या भट्टीत गाळलेल्या लोखंडात त्या कोळशाचा कार्बन उतरतो. १९६०च्या दशकात निकोलास व्हान डर मेर्वे यांनी ही पद्धत मांडली. आता थोड्या धातूवर ती करता येते, पण गंज नसलेला भाग हवा. शिवाय जुने लोखंड पुन्हा तापवून त्यातून नवा भाला घडवला असेल तर तारीख चुकते. कोळसा जुन्या खोडाचा असेल तरीही चुकते.

क्ष-किरण मात्र रोजच्या कामाचे. गंजाच्या गोळ्यात पाते कुठे संपते, खिळा कुठे आहे, दुसऱ्या धातूची पट्टी बसवली आहे का, हे न खरवडता दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या भट्टीच्या लोखंडात लांबट ओढलेल्या कीटाच्या रेघा दिसतात. १८५६नंतर बेसेमरच्या पद्धतीने बनलेल्या पोलादात त्या नसतात. म्हणून एखादा भाला आधुनिक पोलादाचा निघाला तर नकली, हे नक्की. कीट दिसले म्हणून जुना, हे मात्र नक्की नाही, कारण एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या हाताने घडवलेल्या लोखंडातही कीट असते. प्रयोगशाळा नकली वस्तू पकडते. अस्सल वस्तूला तिचा काळ मातीच देते.

या पार्श्वभूमीवर लिलावाच्या यादीतले वर्णन वाचा: 'केल्टिक भाला, इ.स.पू. ३००, युरोप.' युरोप म्हणजे कुठे, हे लिहिलेले नसते, कारण विकणाऱ्याला ते सांगायचे नसते किंवा त्याला ते माहीतच नसते. अशा भाल्याला शास्त्रीय किंमत जवळजवळ शून्य आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. ते पाते केल्टिक असेल, रोमन असेल, मध्ययुगीन असेल. त्याच्या शेजारी पिन होती का, म्यान होते का, ते कबरीत होते की नदीत, हे सगळे कोणी तरी ते उपसताना फेकून दिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७पासून शोधकांनी सापडलेल्या वस्तू नोंदवाव्यात म्हणून सार्वजनिक योजना चालते. एखादे पाते कोणत्या शेतात मिळाले एवढी नोंद झाली तरी पुष्कळ वाचते. परदेशात राहणारे आपले काही तरुण हौसेने अशी पाती विकत घेतात, असे माझ्या कानावर आहे. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: घेऊ नका. मागणी आहे म्हणूनच रात्री शेते खणली जातात.

आणि आता पुन्हा आपल्या मुलखात. टेलरच्या पाठोपाठ, १८६०च्या दशकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी नागपूरजवळ जुनापाणी इथली दगडी वर्तुळे खणली. तिथल्या वस्तूंपैकी काही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. विसाव्या शतकात डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे शिस्तशीर उत्खनने केली. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. तिचा काळ इ.स.पू. ७००च्या सुमाराचा मानला जातो. हालश्टाटच्या खाणीजवळ युरोपातले लोहार भाले ठोकत होते त्याच शतकांत विदर्भातले लोहारही ठोकत होते. दोघांचा एकमेकांशी कसलाही संबंध नव्हता, आणि दोघांच्या पात्यांत लांबट पानाचा आकार सारखाच येतो. टेलरच्या हाती आकार होता, म्हणून तो केल्टांकडे गेला. देवांच्या हाती थर होता, मडकी होती, घोड्यांची दफने होती, म्हणून विदर्भाचा इतिहास विदर्भाचाच राहिला.

विदर्भात अशी वर्तुळे अजून शेकडोंनी उघड्यावर आहेत. शेत नांगरताना, मुरूम काढताना, रस्त्याची गिट्टी फोडताना ती मोडतात. त्यांतून एखादे लोखंडी पाते वर आले तर ते धुऊ नका, घासू नका, घरी नेऊ नका. जिथे आहे तिथे ठेवा, मोबाइलवर आजूबाजूच्या दगडांसह फोटो काढा, आणि तहसीलदाराला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. आपल्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही सांगून ठेवा, कारण पाते बहुधा मुलांच्याच हाती आधी लागते.